पाण्याला वळसा

सहलीला जाणे सोपे. सामान भरले, कुलूप लावले, शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली की निम्मी सहल झालीच. सहल ठरविणे हे मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारे काम आहे. घरात माणसे पाच, दिवस चार आणि प्रत्येकाच्या मनातली ठिकाणे सात-सात, हा हिशोब कुठल्याच त्रैराशिकाने सुटत नाही. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दरवर्षी आमच्या सांगलीच्या घरात हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो, आणि बहुधा फराळाच्या डब्यांबरोबरच संपून जातो. यंदा तो गणपती उठायच्या आत आला, आणि आला तो थेट आइसलँडहून.

झाले असे, की माझ्या नणंदेची मुलगी जर्मनीत असते. पुढच्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा आइसलँडला जायचे म्हणताहेत. तिथे भाड्याची मोटार घ्यायची, आपली आपणच चालवायची आणि सबंध बेटाला प्रदक्षिणा घालायची. एका रविवारी तिने फोनच्या पडद्यावर आम्हांला सगळा बेत उलगडून दाखविला. त्या बेटाला कडेकडेने वळसा घालणारा एकच मोठा रस्ता आहे. त्याचा क्रमांकही एकच. लांबी १,३२२ किलोमीटर. तो पुरा झाला १९७४ साली, त्या देशात वस्ती झाल्याला अकराशे वर्षे झाली म्हणून उत्सव चालला होता त्या वर्षी. तोवर दक्षिण किनाऱ्यावर, हिमनद्यांचे पाणी जिथे काळ्या वाळूतून पसरत समुद्राला मिळते तिथे पूल नव्हते. पलीकडचे गाव नकाशात हाताच्या अंतरावर दिसायचे आणि तिथे पोचायला उरलेल्या सगळ्या बेटाला उलटा फेरा घालावा लागायचा. पुढे १९९६ साली बर्फाखालच्या ज्वालामुखीने पूर आणला आणि त्या पुलांचे भाग वाहून गेले. ते पुन्हा बांधले.

पोरीचा बेत मोठा नेटका होता. दहा दिवस, रोज किती मजल, पेट्रोल कुठे भरायचे, एकेरी पुलावर आधी कोणी जायचे, सगळे मांडलेले. मोटारीचे दार उघडताना ते घट्ट धरून उघडायचे, कारण तिथला वारा दार बिजागरीतून उपटतो, हेसुद्धा. (मला हा वारा फार आवडला. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूमच्या दाराला त्याची ओळख करून द्यायला हवी. ते गेली सहा वर्षे उघडत नाही.) अडले होते ते एकाच ठिकाणी. उन्हाळ्यात गेले तर आतल्या डोंगरांतले कच्चे रस्ते खुले असतात; पण तिथे उन्हाळ्यात रात्र अशी होतच नाही, त्यामुळे आकाशातला तो हिरवा नाचरा प्रकाश दिसत नाही. हिवाळ्यात गेले तर प्रकाश दिसतो, पण ते रस्ते बंद.

"मामी, दोन्ही कसं बसवायचं?" तिने विचारले.

"बसत नाही," मी म्हटले. अभ्यासक्रमाची विभागणी करण्यात वीस वर्षे घातलेल्या बाईला एवढे सांगता येते.

शेजारी सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बेटाला वळसा होय? आमच्याकडं पाण्याला वळसा असतोय."

बोलणे तेवढ्यावरच राहिले. फोन बंद झाला. पण मुलांच्या डोक्यात वळसा शिरला तो शिरलाच. आपणही मोटारीने वळसा घालायचा; सांगलीहून निघायचे, सातारा जिल्हा गोल फिरायचा आणि आलो त्या रस्त्याने परतायचे नाही. गाडी मी चालवणार. आमच्या ह्यांना गाडी येते, पण घाटात ते गाडीपेक्षा दरीकडे जास्त बघतात.

मग याद्या आल्या. ह्यांची यादी एका शब्दाची: महाबळेश्वर. त्यांच्या लेखी सहल म्हणजे महाबळेश्वर, बाकी सगळा प्रवास. मुलाला वासोटा हवा. बामणोलीहून नावेने जायचे, जंगल खात्याची परवानगी काढायची, चढायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे, कारण वर मुक्काम करू देत नाहीत. मुलीला कासचे पठार हवे, फुलांसकट. आणि मला? माझ्या यादीत वाई होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जिथे बसून मराठी विश्वकोश उभा केला, १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर काढला, ते गाव. जवळच मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. परतीच्या वाटेवर औंध, आणि सांगली जिल्ह्यात शिरल्यावर यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे, मग औदुंबर. हे वाचून झाल्यावर मुलाने विचारले, "आई, नंतर यावर निबंध लिहायचा आहे का?"

सासूबाईंनी यादी दिली नाही. विचारले तर म्हणाल्या, "तुम्ही न्याल तिकडं."

आता हे वाक्य कुठल्याही घरात दोन अर्थांनी वापरले जाते, आणि कोणता अर्थ आहे ते ओळखणे सुनेचे काम असते.

सासूबाईंचे गाव जावळी तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. गाव म्हणजे त्यांचे माहेर. वडील मुंबईला गिरणीत, आई आणि मुले गावाकडे, नाचणी आणि भाताची शेते. त्या खोऱ्यातल्या हजारो घरांचे होते तसेच हे घर. १९६१-६२ च्या सुमारास धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. खोऱ्यातली माणसे पांगली. कोणी तिथेच वर डोंगराला सरकले, कोणी ठाण्याकडे, कोणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, कोणी आमच्या सांगलीकडे, कोणी सोलापूरकडे. ह्यांचे आजोळ सोलापूर जिल्ह्यात गेले. जिथे चार महिने पाऊस कोसळायचा तिथून उठून, जिथे पावसाची वाट बघायची तिथे. वसाहतीला जुन्याच गावाचे नाव दिले. सासूबाईंचे लग्न त्या वसाहतीतून झाले, दिवाळीला त्या माहेरी जायच्या त्या वसाहतीत. मूळ जागी त्या साठाहून अधिक वर्षांत एकदाही गेल्या नाहीत.

आमच्या घरात हे कधी कोणी दुःखाने बोलत नाही. बोलतो ते थट्टेने. वीज गेली की सासूबाई म्हणतात, "आमच्या गावाचा दिवा गेला." पावसाळ्यात तर कोयना हा आमच्या गावाचा, म्हणजे सांगलीचा, रोजचा विषय. धरणात १०५ टीएमसी पाणी मावते, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यातले बरेचसे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरून वीज करते. पण धरण भरले आणि दरवाजे उचलले की ते कऱ्हाडला कृष्णेत येते आणि तिथून आमच्या आयर्विन पुलाखाली. पुलाशी ४५ फूट ही धोक्याची रेघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा आम्ही गावभागातले घर सोडून विश्रामबागेला एका स्नेह्यांकडे आठ दिवस होतो. गुडघाभर पाण्यातून बाहेर पडताना सासूबाई एकच वाक्य बोलल्या: "माहेरचं पाणी आलं."

तेव्हा ते वाक्य विनोदाचे म्हणून आम्ही चार ठिकाणी सांगितले होते. यंदा "पाण्याला वळसा" ऐकल्यावर मला ते पुन्हा आठवले, आणि मी माझी यादी बाजूला ठेवून एका कोऱ्या कागदावर फक्त बामणोली असे लिहिले.

मूळ गाव नेमके कुठे, हे शोधायला आधी फोनवरचा नकाशा उघडला. गावाचे नाव घातले. नकाशाने क्षणात उत्तर दिले: सोलापूर जिल्हा, आणि रस्ताही काढून दिला. पुन्हा घातले, पुन्हा तेच. जावळी तालुका असे मुद्दाम जोडले तर तो गोंधळून मेढ्याला जाऊन थांबला. शेवटी मुलाने शिवसागराचा निळा पसारा पडद्यावर मोठा करून सासूबाईंपुढे धरला. "आजी, बोट ठेव कुठं ते." त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "हे वरनं बघितलेलं मला कसं कळणार? मी खालनं चाललेली आहे." त्यांना वाट ठाऊक होती ती अशी: मेढ्याहून डोंगर चढायचा, खिंडीत पाणी प्यायचे, उतरताना नदी डाव्या हाताला ठेवायची, आणि पलीकडच्या डोंगरावर वासोटा दिसू लागला की गाव आले.

यात नदी डाव्या हाताला ठेवायची हीच आता अडचण.

बामणोलीच्या एका नाववाल्याचा नंबर मुलाने मिळविला. मी गावाचे नाव सांगितले. मला वाटले, तोही सोलापूरला पाठवतो. तो तरुण आवाज म्हणाला, "जुनं का? आहे की. बामणोलीहून नावेनं अर्धा तास. आमची आजी सांगती, तिथं आंब्याची राई होती." मी फोन सासूबाईंकडे दिला. त्यांचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, कारण आमटी उतू चालली होती. पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितले की राई आंब्याची होती हे खरे, पण त्यात दोन फणसही होते, ते पोराला माहीत नव्हते, आता सांगितले आहे.

आता वेळ कोणती धरायची? आइसलँडचा पेच तो हाच. कासची फुले भाद्रपदात. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पठार भरते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथे मोसमात माणसेच फुलांहून अधिक होतात, म्हणून दिवसाला किती जणांना सोडायचे याची मर्यादा आणि आधी नोंदणी. दिवाळीला तिथे वाळलेले गवत. उलट, वासोट्याची वाट पावसाळ्यात बंद. ती उघडते पाऊस सरल्यावर. शिवसागर काठोकाठ असतो तोही तेव्हाच. आणि जुनी गावे? उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा कुठे देवळाचा चौथरा, कुठे पायऱ्या उघड्या पडतात, असे तिकडची माणसे सांगतात. म्हणजे फुले भाद्रपदात, पाणी कार्तिकात आणि गाव वैशाखात. तिन्ही एका खेपेत बसत नाहीत.

मी सासूबाईंना सरळ विचारले, "आई, मे महिन्यात जायचं का? चौथरा दिसला तर दिसेल."

त्या म्हणाल्या, "चिखलातला चौथरा बघून काय करू? भरलेलंच बरं. खाली सगळं जागच्या जागी आहे असं तरी वाटतं."

तेव्हा दिवाळी ठरली. मुलीची फुले गेली. तिने दोन दिवस तोंड फुगविले. पुढच्या भाद्रपदात तिला एकटीला कासला न्यायचे वचन मी दिले आहे, आणि तेही एखाद्या आडवारी, रविवारी मुळीच नाही. ज्यांना कास बघायचे आहे त्या वाचकांनाही माझे हेच सांगणे. रविवारी यवतेश्वरचा घाट चढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पुण्याहून दोनदा परत येता येईल.

ह्यांनी मध्ये एक सूचना केली होती. ती मोठी तर्कशुद्ध होती. बामणोलीऐवजी कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनानगरला जावे. रस्ता चांगला, घाट कमी, आणि धरण बघायला मिळेल: १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून लांब, महाराष्ट्राचे वैभव. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, पण भिंत उभी राहिली. मुलांनी हे बघायला हवे. बोलणे खरे होते. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले. "भिंत मला दाखवू नका," त्या म्हणाल्या. "पाणी दाखवा." मग लाटणे पुन्हा सुरू झाले, आणि पाटणचा रस्ता नकाशावरून पुसला गेला तो पुन्हा काही निघाला नाही. मुलांनी धरण अवश्य बघावे, असे मला आजही वाटते. पण ते आजीला सोबत घेऊन नव्हे.

इथवर सगळे जमत आले होते. मग सासूबाईंनी आपल्या भावाला फोन केला.

हे आमचे मामा ऐंशीच्या घरात आहेत, सोलापूर जिल्ह्यातल्या वसाहतीत राहतात, आणि गाव उठले तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे होते. म्हणजे घर कुठे, विहीर कुठे, राई कुठे हे डोळ्यांनी ठाऊक असलेले घरातले शेवटचे माणूस. त्यांना हा बेत मुळीच पसंत पडला नाही. "काय बघायचं? पाणी? उजनीचं बघतो की रोज कालव्याला." सासूबाईंनी समजावले नाही. त्या म्हणाल्या, "दादा, भाऊबीजेला तू सांगलीला येतोस का मी एकटी जाऊ?" आणि फोन ठेवला. तीन दिवस तिकडून काही नाही. चौथ्या दिवशी मामांचा निरोप आला. पंच्याहत्तरीच्या वरच्या माणसाला एस.टी.चे तिकीट पडत नाही, २०२२ सालापासून सरकारने ते माफ केले आहे; तेव्हा यायला हरकत नाही. माणूस एवढ्या मोठ्या गोष्टीला होकार देताना केवढे लहान कारण पुढे करतो! मला मामांचा हा तिकिटाचा मुद्दा फार थोर वाटला.

पण मामा आले की माणसे सहा, आणि गाडी पाच जणांची. घाटात सहावा माणूस मांडीवर घेऊन जाणे मला मान्य नाही. आणि मांडीवर घेण्याजोगे आमच्यात कोणी उरलेलेही नाही. पुन्हा कागद पुढे आला. एवढे दिवस मी ठिकाणे खोडत होते, आता माणसे हलवायची होती. शेवटी ह्यांनीच मार्ग काढला, आणि तो काढताना महाबळेश्वरही स्वतःच्या हाताने खोडले. दिवाळीत तिथे एवढी गर्दी असते की माणसांच्या पाठी बघायलाच जायचे, आणि स्ट्रॉबेरीही अजून आलेली नसते, असे ते म्हणाले. (दरवर्षी हेच मी त्यांना सांगत आले आहे, तेव्हा ते ऐकू येत नव्हते.) ते आणि मुलगा एस.टी.ने जाणार. माझी वाई तशीही गेलीच होती. दिवाळीच्या सुट्टीत सरकारी कचेरीच्या बंद दारापुढे उभे राहून विश्वकोशाला नमस्कार करण्यात अर्थ नव्हता.

तर ठरलेला बेत असा आहे. पाडव्याला जेवणे आटोपून दुपारी निघायचे. मामा आदल्या दिवशीच आलेले असतील. गाडीत मी, सासूबाई, मामा आणि मुलगी. आष्ट्यावरून पेठ नाका, तिथे महामार्गाला लागायचे, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबायचे. कोयना तिथे समोरून येऊन कृष्णेला मिळते. यशवंतरावांची समाधीही तिथेच आहे. मामांना चहा लागतो, तोही तिथेच. मग तासवड्याचा टोलनाका, उंब्रज, आणि दिवेलागणीला सातारा. सांगलीहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. न थांबता गेले तर अडीच तास, दोन वृद्धांना घेऊन चार धरावेत. सहलीच्या आखणीत हा हिशोब फोन करत नाही. तो फक्त मोटार मोजतो. गुडघे मोजत नाही.

दुसरा दिवस भाऊबीजेचा. नाववाल्याने बजावले आहे, "सकाळी आठला या. दुपारी मी नाही, मला मेढ्याला बहिणीकडं जायचंय." म्हणजे साताऱ्यातून सहाला निघायला हवे. बामणोली चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर; पण यवतेश्वरचा घाट, पुढे अरुंद रस्ता, कासच्या पलीकडे पुन्हा उतार, आणि त्या दिवसांत पहाटेचे धुके. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्यायचे. उताराला गाडी दुसऱ्यात ठेवायची, ब्रेकवर पाय रोवून उतरायचे नाही. आणि समोरून चढती गाडी आली तर आपण थांबून तिला वाट द्यायची. हा नियम आहे, पण तो पाळला की मागचे लोक भोंगे वाजवून आपला निषेध करतात. वाजवू द्यावेत. बामणोलीला गेल्यावर फोन लागेलच असे नाही, म्हणून ह्यांच्याशी सगळे आधीच ठरवून ठेवले आहे: ते आणि मुलगा दुपारच्या एस.टी.ने बामणोलीला येऊन तिथे मुक्काम करतील, तिसऱ्या दिवशी वासोटा चढतील. आम्ही त्या दिवशी साताऱ्यातच. दोघा म्हाताऱ्यांना एवढी विश्रांती हवी, आणि मला अजिंक्यताऱ्यावर एक संध्याकाळ हवी आहे. ती मी कोणाला न विचारता बेतात घालून टाकली आहे.

चौथ्या दिवशी मामांना साताऱ्याच्या स्टँडवर पंढरपूरच्या गाडीत बसवायचे आणि उरलेल्या पाच जणांनी औंधमार्गे उतरायचे. फुले गेलेल्या मुलीसाठी औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा मोठा विलक्षण राजा होता. १९३९ साली त्याने राज्याचा कारभार आपल्या हाताने प्रजेला देऊन टाकला, स्वतः चित्रे काढली, सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि डोंगरावर चित्रांचा संग्रह उभा केला. रविवर्मा, धुरंधर आणि थेट हेन्री मूरचे शिल्प, एवढे सगळे त्या लहानशा गावात आहे. सुट्टीत ते उघडे आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारायचे काम मुलीकडे. तिथून कडेगाव-पलूसच्या बाजूने खाली, जमले तर औदुंबरला दर्शन, आणि रात्री घरी. देवराष्ट्रे गेले. पुढल्या खेपेला.

एवढे झाल्यावर परवा जर्मनीहून पुन्हा फोन आला. त्यांचेही ठरले होते: उन्हाळाच धरला, हिरवा प्रकाश सोडला. पोरीने आजीला विचारले, तू पाण्यावर जाऊन काय करणार? सासूबाई म्हणाल्या, "दादा सांगंल तिथं नाव थांबवायची." "आणि मग?" "मग परत यायचं. त्याला बहिणीकडं जायचंय ना, त्या पोराला."

मामा मात्र आता रोज फोन करतात. धरण झाल्यापासून त्यांनी जे सांगितले नव्हते ते सगळे हप्त्याहप्त्याने येते आहे. घरापासून नदी किती पावले. पलीकडच्या काठावरून हाक मारली तर कोणत्या दगडावरून ऐकू येई. वासोटा घराच्या कोणत्या कोपऱ्यावर दिसे. वासोटा काही बुडालेला नाही, तेव्हा त्याच्यावरून जागा बरोबर लागेल, असा त्यांचा हिशोब आहे. मुलाने तो वहीत मांडून घेतला आहे आणि नकाशावर दोन रेघाही मारल्या आहेत. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे निळ्या रंगाशिवाय काही नाही. पण मामांना ते दाखविल्यावर ते "हां, इथंच" म्हणतील, असे तो छातीठोकपणे सांगतो.

सामानाची यादी मी काल करून भिंतीला लावली. गाडीची कागदपत्रे, दोन्ही म्हाताऱ्यांची औषधे, उलटीच्या गोळ्या, पाण्याचा मोठा कॅन, चादरी, टॉर्च, फराळाचे तीन डबे, चिवडा निराळा. आज सकाळी बघते तो खाली सासूबाईंच्या अक्षरात दोन ओळी वाढल्या आहेत. पाण्यावर वारा असतो, हे त्यांच्याशिवाय आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. त्यांनी लिहिले आहे: ओवाळणीचं ताट. काचेचा कंदील, काडेपेट्या दोन.